मदत हवी आहे: सुरुवातीच्या वाचनासाठी मिळणारा निधी कशावर खर्च करायला सांगू?

नमस्कार मंडळी. माझी मुलगी सरकारी शाळेत दुसरीत आहे. पहिली ते तिसरीच्या वाचनासाठी शाळेला राज्य सरकारकडून निधी मिळणार आहे. तो कसा वापरावा, यावर पालकांच्या वतीने मला बैठकीत बोलायचंय. पहिला प्रस्ताव टॅबलेटचा आलाय आणि मला तो अजिबात पटत नाही.

थोडं वाचून ठेवलंय. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याने २०१३ साली कायदा केला. पैसा मुख्यतः माणसांवर लावला: शिक्षकांना अक्षर-ध्वनी शिकवण्याचं प्रशिक्षण, मागे पडलेल्या शाळांमध्ये वाचन-मार्गदर्शक (म्हणजे वर्गात येऊन शिक्षकांना वाचन शिकवायला मदत करणारी माणसं), मुलांची वर्षातून अनेकदा छोटी चाचणी. तेव्हा चौथीच्या वाचनात देशात जवळजवळ तळाला असलेलं राज्य २०१९ पर्यंत राष्ट्रीय सरासरीला पोचलं. अर्थात, तिसरीत वाचता न येणाऱ्या मुलांना त्याच वर्गात ठेवण्याची अटही त्या कायद्यात होती. ती मला फार कठोर वाटते, आणि निकालात तिचा वाटा किती यावर अजून वाद आहे.

तुमच्यात कुणी प्राथमिक शिक्षक असाल तर सांगा: मार्गदर्शक प्रत्यक्ष वर्गात येऊन बसला की फरक पडतो का, की दोन दिवसांचं शिबिर पुरतं? पैसे मर्यादित असतील तर आधी मार्गदर्शक की मुलांना स्वतः वाचता येतील अशी सोपी पुस्तकं? आणि निधी एका वर्षाचाच असेल तर पुढे काय करायचं?

मुलीच्या वर्गात काही मुलं अजून जोडाक्षराला अडखळतात, म्हणून घाई आहे. बैठक पुढच्या आठवड्यात आहे.