कॉन्फरन्सला गेलेल्या पोरांनी शहर बघायचं की सभागृहात बसायचं?

पाया_पक्का (धागाकर्ता)

भाचीला विभागप्रमुखांनी लेखी खुलासा मागितलाय. त्यावरून घरात दोन तट पडलेत. म्हटलं इथे टाकावं, इथे दोनाचे दहा होतील.

भाची एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय जिओटेक, म्हणजे माती, खडक नि पाया यांचं इंजिनिअरिंग, कॉलेज विदर्भातलं. गेल्या हिवाळ्यात कोलकात्याला, सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये एक कॉन्फरन्स होती. नोंदणीची फी विभागाने भरली, गाडीभाडं आमच्या खिशातून. तिचा पेपर होता, मऊ चिकणमातीत बोगदा काढला तर वरची जमीन किती खचते, यावर. तो पहिल्याच दिवशी वाचून झाला. दुसऱ्या दिवशी जेवणं उरकली आणि ही नि हिची मैत्रीण सटकल्या. मेट्रोने सियालदह, तिथून चालत बऊबाजार.

बऊबाजारच का, तर २०१९ च्या ३१ ऑगस्टला तिथे ईस्ट-वेस्ट मेट्रोचा बोगदा खणणारं 'चंडी' नावाचं यंत्र पाण्याने भरलेल्या वाळूच्या थरात घुसलं. पाणी आणि वाळू बोगद्यात शिरली, वरची जमीन बसली. दुर्गा पिथुरी लेन आणि आसपासची जुनी घरं तडकली, काही कोसळली, शेकडो माणसं घाईघाईने बाहेर काढावी लागली. चंडी तिथेच अडकली, उरलेलं काम 'ऊर्वी' या दुसऱ्या यंत्राने केलं. हुगळी नदीखालचा मार्ग मार्च २०२४ मध्ये सुरू झाला, पण सियालदह ते एस्प्लनेड हा मधला तुकडा या घोळामुळे ऑगस्ट २०२५ उजाडेपर्यंत रखडला.

पोरीने वर्षभर संगणकावर जे खचणं मोजलं, ते खरं जिथे झालं ती गल्ली मेट्रोने थोड्या अंतरावर. आणि तिने काय करायचं? वातानुकूलित हॉलमध्ये बसून दहा-दहा मिनिटांचे पेपर ऐकायचे? आपल्याकडे पाच-सात फुटांवर मुरूम लागतो, त्याखाली काळा पाषाण. वर काळी माती असली तर ती फुगते नि आकसते, तेवढाच आपला अनुभव. कोलकात्याखाली काय आहे ते इथे बसून कळत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. तिने केलं ते योग्य, आणि खुलासा मागणं हा कारकुनी खाक्या. तुम्ही बोला.

खडूमास्तर

मी शिकवतो, पोरांना कॉन्फरन्सला पाठवतो, खुलासेही मागतो. तेव्हा कारकुनाच्या वतीने चार शब्द.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सत्रात कोण बोलत असतं? मोठी नावं सकाळी उद्घाटनाला बोलून विमानतळावर गेलेली असतात. दुपारी बोलतो तो कुठल्यातरी लांबच्या कॉलेजातला, पहिलाच पेपर असलेला, रात्रभर स्लाइड्स दुरुस्त केलेला पोरगा. समोर सत्राध्यक्ष, पुढचा वक्ता आणि रिकाम्या खुर्च्या. तुमच्या भाचीचा पेपर पहिल्या दिवशी होता, तिला श्रोते मिळाले. ते दुसऱ्या दिवशी बोलणाऱ्या मुलांनीच दिले ना? त्यांची पाळी आली तेव्हा ही बऊबाजारात.

फी विभागाने भरली, म्हणजे कुणा दुसऱ्या विद्यार्थ्याचा नंबर त्या वर्षी लागला नाही. हजेरीचं प्रमाणपत्र जोडल्याशिवाय आमच्याकडे बिल पास होत नाही. दुपारी गायब होऊन संध्याकाळी रांगेत उभं राहून ते प्रमाणपत्र घेतलं असेल, तर त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

बऊबाजारात दिसणार काय? बोगदा जमिनीखाली. तो का फुटला, ग्राउटिंग, म्हणजे सिमेंटसारखं मिश्रण दाबाने भरून जमीन घट्ट करणं, कसं केलं, हे वाचायला मिळतं. गल्लीत उभं राहून फक्त घरं दिसतात.

जनरलचा_डबा

मास्तर, तुम्ही सांगताय ती कॉन्फरन्स पाहायला मला आवडेल. मी पाहिल्या त्यात एकाच वेळी पाच हॉलमध्ये सत्रं, माझ्या विषयाचा एक पेपर हॉल दोनमध्ये तर दुसरा त्याच वेळी हॉल चारमध्ये. वक्ता प्रमाणपत्रासोबत फोटो काढून गाडी पकडायला पळालेला. प्रश्नोत्तरांना वेळ नाही, कारण पाहुण्यांच्या सत्कारात पाऊण तास गेला. शाल, श्रीफळ, रोपटं, स्मृतिचिन्ह, मग पुन्हा ग्रुप फोटो.

आणि गाडीभाडं घरून भरलंय हे वाचलंत ना? फी दिली म्हणून तिन्ही दिवस विकत घेतले का? माझ्या गावातून कोलकात्याला याआधी गेलेला माणूस म्हणजे मिलिटरीतला एक काका. पुन्हा कधी जाणं होईल माहीत नाही. अशा मुलाला तुम्ही म्हणता, हावडा स्टेशनात उतर, हॉल बघ, हावडा स्टेशनात चढ.

विज्ञानवेल्हाळ

ज्या रस्त्याने या मुली चालल्या त्याच रस्त्यावरची गोष्ट. १९०७ मध्ये सी. व्ही. रामन कोलकात्यात वित्त खात्यात नोकरीला आले, वय अठरा. ट्राममधून जाताना त्यांना २१०, बऊबाजार स्ट्रीटवर 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' अशी पाटी दिसली आणि ते उतरून आत गेले, असं सांगतात. संस्था १८७६ पासून तिथे होती, पण प्रयोगशाळेत फारसं कुणी फिरकत नव्हतं. पुढे १९२८ ला 'रामन परिणाम' तिथेच सापडला. ट्राममधून न उतरता सरळ कचेरी गाठली असती तर?

खडूमास्तर

या गोष्टीची दुसरी बाजू सोयीस्करपणे गाळली जाते. रामन भल्या पहाटे प्रयोगशाळेत जायचे, तिथून घरी येऊन कचेरी गाठायचे, आणि कचेरी सुटली की रात्रीपर्यंत पुन्हा प्रयोगशाळेत. अशी दहा वर्षं. कचेरी बुडवून नव्हे. माझं म्हणणं एवढंच आहे! सत्रं संध्याकाळी संपतात, बऊबाजार कुठे पळून जात नाही.

शिवाय २१० नंबरला आज गोएंका कॉमर्स कॉलेज आहे. संस्था केव्हाच जादवपूरला गेली.

जनरलचा_डबा

हिवाळ्यात कोलकात्याला पाच वाजता अंधार पडतो, मास्तर. मुली अंधारात गल्ल्यांमधून फिरल्या असत्या तर त्याचाही खुलासा मागितला असता.

हुगळीकाठची_कुलकर्णी

मी लग्नानंतर इथेच आहे, आता अर्ध्याहून जास्त आयुष्य गेलं. दोन्ही बाजूंना थोडं थोडं सुनावते.

आधी मास्तरांना. गल्लीत फक्त घरं दिसतात म्हणता, पण कोलकात्यात जमिनीचं वाचन घरांवरूनच होतं. जुन्या उत्तर कोलकात्यात एका ओळीतली दोन घरं बघा, एकाचा उंबरा रस्त्याच्या बरोबरीने, शेजारच्याचा वीतभर खाली. माझे दीर बांधकामातले. त्यांच्या तोंडी 'नॉर्मल कलकत्ता डिपॉझिट' हे शब्द आपल्याकडे 'काळी माती' म्हणतात तितक्या सहज असतात. वरच्या बारा-पंधरा मीटरमध्ये मऊ गाळमाती, त्यात कुजलेलं लाकूड. नि आदिगंगेच्या, म्हणजे गंगेच्या जुन्या प्रवाहाच्या, पात्रापाशी गेलात की थर सगळा बदलतो. १९८४ ला सुरू झालेली इथली पहिली मेट्रो, देशातली पहिलीच, तीही बहुतेक ठिकाणी रस्ता उघडा करून, बाजूंना काँक्रीटच्या भिंती उतरवून बांधली. त्या खोदकामाच्या काळात शहराचे काय हाल झाले ते सासूबाई अजून सांगतात.

आता पाया_पक्का यांना. भाऊ, बऊबाजार हे तुमच्या भाचीचं मॉडेल नव्हे. तिथे सोनारांच्या पेढ्या आहेत, पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली कुटुंबं आहेत. २०१९ ला बाहेर पडलेल्यांपैकी काही परत आले, तर २०२२ मध्ये, मे महिन्यात नि पुन्हा ऑक्टोबरमध्ये, परत तडे. दर थोड्या दिवसांनी कुणीतरी कॅमेरा घेऊन येतं, भिंतीवरची भेग टिपतं आणि जातं. तुमच्या भाचीने कुणाशी बोलणं केलं का? की भेगेशेजारी पट्टी धरून फोटो? सत्र बुडवलं त्यापेक्षा मला याचं उत्तर जास्त हवंय.

बर्गी_नंबर_वन

अवांतर : इथले मराठे आणि कोलकात्याची माती यांचं नातं जुनं आहे बरं. १७४२ मध्ये आपल्या स्वारीच्या भीतीने कोलकात्याभोवती 'मराठा डिच' नावाचा खंदक खणायला घेतला. आपण काही तिथवर पोचलो नाही, तोही पुरा झाला नाही, पुढे बुजवून त्यावर सर्क्युलर रोड केला. त्या मुलींनी सियालदहला उतरून पहिलं पाऊल टाकलं ते बहुधा त्यावरच. बंगाली आया अजून अंगाईत बर्गींची, म्हणजे मराठा घोडेस्वारांची, भीती घालतात.

हुगळीकाठची_कुलकर्णी

हो, आणि ती अंगाई मी माझ्याच मुलाला म्हटलीय. आता धाग्यावर या.

पाया_पक्का

कुलकर्णीताईंचा प्रश्न भाचीला विचारला. तिने सांगितलं ते जसंच्या तसं : एका सोन्याच्या पेढीतल्या वयस्कर गृहस्थांनीच त्यांना थांबवून विचारलं, पत्रकार का म्हणून. विद्यार्थिनी म्हटल्यावर त्यांनी आत बसवलं, चहा दिला आणि दुकानाच्या दाराची चौकट दाखवली. शटर पूर्वी एका हाताने खाली यायचं, आता एका कोपऱ्यात अडकतं. ते म्हणाले, मोजणीवाले येतात, भिंतीला चिकटवलेल्या खुणा वाचतात, आकडा काय आला ते आम्हाला सांगत नाहीत. भाचीने फोटो काढला तो त्या शटरचा, त्यांना विचारून. घरांचे काढले नाहीत. मैत्रिणीने स्टेटसला टाकला तो हावडा ब्रिजचा, आणि त्यावरूनच कॉलेजात कळलं.

तिच्या आलेखात एका ठरावीक उताराच्या आत जमीन बसली तर इमारत 'सुरक्षित'. शटर अडकणं त्या 'सुरक्षित'मध्येच येतं. हे तिला आता तिच्या प्रबंधात लिहायचंय. मास्तर, हॉल दोन की हॉल चार, कुठल्या हॉलमध्ये मिळालं असतं हे?

हावडा ब्रिजबद्दलही तिने काढलेली माहिती : १९४३ चा पूल, नदीत एकही खांब नाही. मुख्य मनोऱ्याचा पाया म्हणजे एकवीस कप्प्यांचं अवाढव्य केसन, म्हणजे पोकळ पेटीसारखा पाया, आतली माती उपसत खाली उतरवलेलं. उतरवताना एका रात्री खालची जमीन अचानक सुटली, सगळं धूड दोन फूट खाली गेलं आणि खिदिरपूरच्या भूकंपमापकावर धक्का उमटला, असं सांगतात. मी पस्तीस वर्षं सार्वजनिक बांधकाम खात्यात पूल बांधले, पण खडकावर. हे ऐकून मला झोप आली नाही.

विहीर_ताई

एक साधी चौकशी. त्या विभागातून कॉन्फरन्सला मुलगे गेले होते का? त्यांनी तिन्ही दिवस मांडी घालून पेपर ऐकले का?

पाया_पक्का

चौघे गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ईडन गार्डन्स, मग न्यू मार्केट. त्यांना खुलासा नाही. सरांचं म्हणणं, मुलींची जबाबदारी वेगळी असते.

विहीर_ताई

झालं. मग हा धागा कॉन्फरन्सचा नाहीच. मी भूजल खात्यात नोकरी केली, दौऱ्यावर मुक्कामाला बाई नको म्हणून माझी नावं यादीतून कटलेली पाहिली. तेव्हाही शब्द हाच होता, जबाबदारी. खडूमास्तर, रिकाम्या खुर्च्यांचा तुमचा मुद्दा मला पटतो, खरंच पटतो. पण खुर्च्या सहा रिकाम्या होत्या आणि पत्रं दोनच निघाली.

खडूमास्तर

चौघांना पत्र नसेल तर दोघींनाही नको, यात वाद नाही. सहाही जणांना द्यायला हवं होतं, हे माझं मत.

जबाबदारीबद्दल मात्र हसू नका. मुलगी असो, मुलगा असो, परक्या शहरात काही झालं तर रात्री दोनला फोन मार्गदर्शकालाच येतो. 'तुम्ही पाठवलं होतंत ना?' पालकांचा हा प्रश्न ज्याने ऐकला नाही त्याने जबाबदारी या शब्दाची थट्टा करावी. मला सांगून गेली असती तर मी नाही म्हटलं असतं का? कदाचित म्हटलं असतं. पण मग तिने वाद घालायचा होता. शटरची गोष्ट सांगून घालायचा होता.

जनरलचा_डबा

शटरची गोष्ट जाण्याआधी कशी सांगणार, मास्तर?

खडूमास्तर

बरोबर. मग बोगद्याची सांगायची. २०१९ ची घटना तर तिला ठाऊकच होती. 'माझ्या पेपराचा विषय इथून सात स्टेशनांवर आहे, मला जाऊ द्या' हे एक वाक्य मार्गदर्शकाला फोनवर सांगायला काय हरकत होती? न सांगता गेली, कारण परवानगी मागण्याची सवयच आपण त्यांना लावली नाही, आणि 'हो' म्हणण्याची सवय आपल्याला नाही. दोन्ही खरं.

आयोजकांचंही चुकतं. कोलकात्यात जिओटेकची कॉन्फरन्स भरवायची आणि अर्धा दिवस क्षेत्रभेट ठेवायची नाही? पूर्वी माहितीपत्रकात 'तांत्रिक सहल' असा रकाना असायचा. आता त्याजागी सांस्कृतिक संध्याकाळ आणि गाला डिनर.

हुगळीकाठची_कुलकर्णी

क्षेत्रभेट काढाल तर पन्नास जणांची बस बऊबाजारात नेऊ नका म्हणजे मिळवली. दोघीजणी चालत गेल्या म्हणून त्या काकांनी चहा दिला.

पाया_पक्का

खुलासा काल दिला. अर्धं पान 'न सांगता गेले' याबद्दल, दीड पान शटर, चौकट आणि उतार यांच्यावर, सोबत हाताने काढलेली आकृती. सरांनी ठेवून घेतला, बोलले काही नाहीत. विहीर_ताईंच्या सांगण्यावरून शेवटी एक ओळ घातली आहे : इतर चार विद्यार्थ्यांकडूनही असाच अहवाल मागवावा, ईडन गार्डन्सच्या खेळपट्टीखालच्या मातीवर लिहिला तरी चालेल.

खडूमास्तर

ती ओळ मी तरी लिहू दिली नसती. आकृती मात्र पाठवा, माझ्या पोरांना दाखवतो.