अनुभव धागा: अनुदानाचा प्रस्ताव अडतो कुठे?

डीएसटी, डीबीटी, आयसीएमआर, सर्बच्या जागी आलेलं एएनआरएफ, संशोधनाला पैसे देणाऱ्या यांपैकी कुठल्याही सरकारी संस्थेकडे अर्ज केलेला असो, इथे लिहा. कहाण्या नकोत, चुका आणि आकडे द्या.

वनस्पतिरोग, नाशिक
'द्राक्षावरील केवडा रोगाचा सखोल अभ्यास करणे' हे उद्दिष्ट नव्हे, तो नुसता विषय झाला. असं लिहा: 'निफाड, दिंडोरी व चांदवड तालुक्यांतील 60 बागांतून केवड्याचे नमुने घेऊन किती टक्के नमुन्यांत जी143ए उत्परिवर्तन आढळते ते मोजणे.' रोगाच्या जनुकातला हा बदल असला की अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिन हे बुरशीनाशक लागू पडत नाही, म्हणजे बागायतदाराचा प्रश्नही त्यातच आला. अशी तीन उद्दिष्टं पुरे. दुसरं पहिल्याच्या निकालावर टांगू नका, नाहीतर एक फसलं की सगळंच बसतं.

वेळापत्रकात हमखास घोळ होतो. गोडी छाटणी (फळांसाठीची) ऑक्टोबरची, केवडा येतो त्यानंतरच्या पावसात. 'महिना 1 ते 3: नमुने गोळा करणे' असं लिहिलं आणि पैसे जानेवारीत आले, की वर्ष गेलं. मंजुरीपत्र हातात पडल्यावरही पैसे खात्यात यायला आणि जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलो) नेमायला महिने लागतात. म्हणून पहिल्या सहामाहीत खरेदी, प्राइमर (चाचणीला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) आणि पद्धत बसवणं एवढंच ठेवा. नमुन्यांचं काम महिन्यांच्या आकड्यांत न लिहिता 'मंजुरीनंतरचा पहिला छाटणी हंगाम' असं लिहा.

हिशेबवाला, पुणे
जेआरएफला महिन्याला 37,000, तिसऱ्या वर्षी एसआरएफ (वरिष्ठ फेलो) म्हणून 42,000. तीन वर्षांचे 13,92,000 होतात आणि बरेच जण इथेच थांबतात. पुण्यात घरभाडे भत्ता 30 टक्के, म्हणजे आणखी 4,17,600. हे राहिलं तर तिसऱ्या वर्षी फेलोचा पगार कशातून देणार?

यंत्राचं कोटेशन 12 लाखांचं असेल तर जीएसटी धरून 14,16,000 लिहा. संशोधन संस्थांना मिळणारा 5 टक्क्यांचा सवलतीचा दर जुलै 2022 मध्ये गेला, आता 18 टक्के. जुन्या प्रस्तावातला तक्ता उचलून चिकटवला की चूक इथेच होते. वॉरंटी किती वर्षांची तेही कोटेशनवर लिहून घ्या. 'इतर खर्च' या शीर्षाखाली मोठी रक्कम टाकू नका, कात्री तिथेच आधी लागते.

समाजवैद्यक, नागपूर
'100 रुग्ण घेऊ' लिहिलं की परीक्षक विचारणारच: शंभरच का? दोन गटांत अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा (विचलन म्हणजे आकड्यांचा सरासरीभोवतीचा पसारा) फरक शोधायचा असेल, पॉवर (असलेला फरक सापडण्याची शक्यता) 80 टक्के आणि सार्थकता पातळी (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) 5 टक्के धरली, तर प्रत्येक गटात 64 लागतात. 15 टक्के गळती धरून 76. फरक एवढाच का धरला, त्याला आधीच्या अभ्यासाचा आधार द्या. तो आधार नसेल तर बाकीचं गणित शोभेचं. शिवाय ओपीडीत महिन्याला असे पात्र रुग्ण किती येतात आणि त्यातले किती तयार होतील, हा आकडा रजिस्टरवरून काढा. महिन्याला सहाच मिळत असतील तर दोन्ही गटांचे 152 व्हायला 25 महिन्यांहून जास्त, म्हणजे दोन वर्षांचा प्रस्ताव तिथेच संपला.

हिशेबवाला, पुणे
@नाशिक, एक राहिलं. विभागात पीसीआर यंत्र (डीएनएच्या प्रती काढणारं) असेल तर उपलब्ध सुविधांत लिहा आणि नवं मागू नका. दुसरं हवंच असेल तर पहिलं आठवड्यात किती तास गुंतलेलं असतं, ते लॉगबुकातून द्या.