घरच्यांनी दार लावलं तर शिष्यानं काय करावं?

नगरकर
सलाम मंडळी. आमच्या चर्चमधल्या एका तरुणानं गेल्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. तेव्हापासून आई त्याचा फोन उचलत नाही, आणि चुलतबहिणीच्या लग्नपत्रिकेतून त्याचं नाव वगळलं गेलं. उपासनेनंतर चहा घेताना दोघा वडीलधाऱ्यांनी त्याला सांगितलं, "पायांची धूळ झटक आणि पुढे चल." मला हे अजिबात पटलं नाही. बायबलातल्या मत्तय १० मधली धूळ झटकण्याची आज्ञा प्रेषितांना होती, संदेश नाकारणाऱ्या गावांबद्दल होती. जन्मदात्या आईला ती कशी लावायची? लूक ९ मध्ये शोमरोनी गावानं येशूला थारा दिला नाही, तेव्हा याकोब आणि योहान हे शिष्य आकाशातून अग्नी पाडायला निघाले होते. प्रभूनं दटावलं ते त्या दोघांना, गावाला नाही.

माझ्यापुढे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आहेत. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, घर तुटलं, जात गेली, पण त्यांनी ना विश्वास सोडला ना पत्नी लक्ष्मीबाईंना. पुढे त्या नगरला राहायला आल्या तेव्हा त्यांचं सोवळं आणि वेगळा स्वयंपाक चालूच होता; टिळकांनी बळजबरी केली नाही. १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. निष्ठा ती हीच, असं मी मानतो.

वाचनवेडी
नगरकर, मी ख्रिस्ती नाही, पण लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' पुन्हा पुन्हा वाचलेली बाई आहे. टिळकांचं उदाहरण इतक्या सहज देऊ नका. लक्ष्मीबाईंची संमती नसताना त्यांनी तो निर्णय घेतला. नंतरची चार-पाच वर्षं लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन नातेवाइकांच्या आधारावर काढली ती त्या बाईनं. टिळकांच्या धैर्याची किंमत तिनं मोजली. तुमच्याच शास्त्रात, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, घरच्यांची तरतूद न करणारा अविश्वासणाऱ्यापेक्षा वाईट असं म्हटलंय ना? मग ती वर्षं कुठल्या खात्यात मांडायची?

जालनेकर
ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे, पण त्याच मत्तय १० मध्ये असंही आहे की जो आईबापांवर माझ्यापेक्षा अधिक प्रेम करतो तो माझ्या योग्य नाही. हे वचन गाळून शिष्यपण होत नाही. आमच्या भागात काम केलेले नारायण शेषाद्री १८४३ मध्ये ख्रिस्ती झाले तेव्हा मुंबईत केवढा गहजब झाला! घरच्यांची परवानगी मिळेपर्यंत ते थांबले असते तर जालन्याजवळचं बेथेल हे ख्रिस्ती गाव उभंच राहिलं नसतं. नगरकर, तुम्ही सगळ्यांना सांभाळून घेण्याच्या नादात वधस्तंभ गुळगुळीत करताय.

वाचनवेडी
त्याच प्रकरणातला धाकटा भाऊ श्रीपत विसरलात. अल्पवयीन म्हणून कोर्टानं त्याला बापाच्या हवाली केलं, तर स्वजातीचे लोक त्याला परत घेईनात. बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं या बाजूनं उभे राहिले आणि त्यासाठी त्यांनीही विरोध सोसला. जांभेकर ख्रिस्ती नव्हते. म्हणजे लोकविरोध सोसला एवढ्यावरून कुणाचं खरं ठरत नाही.

नगरकर
शेवटचं वाक्य मला शंभर टक्के मान्य. छळ झाला म्हणजे आपण बरोबर, असं समजणारे आमच्यात आहेत आणि त्यांची मला काळजी वाटते. लक्ष्मीबाईंच्या दुःखाचं समर्थनही मी करणार नाही. टिळकांनी आधी बोलायला हवं होतं. पण जालनेकर, त्या दोघांनी नंतर जे केलं ते गुळगुळीत नव्हतं. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरीही सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला, बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा देणारा. तेव्हाची नाराजी स्वकीयांची होती. आणि टिळकांचं अपुरं राहिलेलं ख्रिस्तचरित्राचं काव्य 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

दौंडकर
पंडिता रमाबाईंचं नाव अजून कसं कुणी घेतलं नाही? १८९३ मध्ये त्यांच्या पुण्यातल्या शारदा सदन या शाळेतल्या मुलींना ख्रिस्ती केलं जातं असा आरोप झाला. सदनाचे पाठीराखे रानडे-भांडारकर बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. बाईंनी स्वतःची प्रार्थना दार लावून केली नाही, आणि कुणाला आत ओढूनही आणलं नाही. इंग्लंडमध्ये ज्यांच्याकडे बाप्तिस्मा घेतला त्या मठातल्या ख्रिस्ती भगिनींशीही मतांवरून खटके उडाले, तरी आपली बुद्धी त्यांच्याकडे गहाण टाकली नाही. नंतर दुष्काळात मुली आणायला मध्य प्रांतात गेल्या. पुण्यातल्या टीकेला यापेक्षा मोठं उत्तर मला माहीत नाही.

आता त्या तरुणाकडे येऊ. आई दिवाळीला बोलावेल, न बोलावेल. बोलावलं आणि हातावर प्रसाद ठेवला तर?

जालनेकर
तर नाही म्हणावं. करिंथच्या पहिल्या पत्राचा दहावा अध्याय: वाढलेलं चौकशी न करता खा, पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं तर खाऊ नका. यात तडजोड नको.

वाचनवेडी
म्हणजे वर्षभरानं लेक उंबऱ्यावर आला आणि पहिलाच शब्द 'नाही'? आईच्या मनाला काय वाटेल?

नगरकर
मी त्याला सांगेन, पूजेच्या वेळेवर अवलंबून राहू नकोस. आधीच पत्र लिही. फोन उचलत नसली तरी पत्र ठेवून देईल. त्यात स्पष्ट लिही की प्रसाद घेणार नाही, पण फराळाचं सगळं खाईन, आणि नेहमीसारखा चार दिवस आधी येऊन माळा साफ करून देईन. जालनेकर, यात तुम्हाला कुठे तडजोड दिसते ते सांगा.

जालनेकर
माळ्याला माझी हरकत नाही. पत्रात बाप्तिस्म्याबद्दल माफी मागायची नाही, एवढं मात्र त्याला बजावा.