निष्ठा दुभागत नाही, पण कर्तव्य संपतही नाही

ख्रिस्ती माणसाची निष्ठा देश आणि देव यांत दुभागलेली असते, हा या चर्चेतील एका सदस्याचा आक्षेप आणि त्यावर ‘आम्ही १५ ऑगस्टला चर्चच्या आवारात झेंडावंदन करतो’ हे दुसऱ्यांचे उत्तर, ही दोन्ही मला अपुरी वाटतात. कैसराचे (रोमी सम्राटाचे) कैसराला आणि देवाचे देवाला द्यावे, हे येशूचे उत्तर मुळात कराविषयीच्या प्रश्नाला होते. तेव्हा पक्की पावती न घेता दोन पैसे वाचवणाऱ्या आम्हा मंडळींनी ते वचन आधी स्वतःला लावून पाहावे.

मला बायबलमधील यिर्मया संदेष्ट्याचे पत्र अधिक महत्त्वाचे वाटते. बाबेलमध्ये (बॅबिलोनमध्ये) बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना तो सांगतो, की घरे बांधा, मळे लावा आणि ज्या नगरात आहात त्याच्या हितासाठी झटा व प्रार्थना करा. परक्या नगराबाबत ही अपेक्षा असेल, तर नाशिकच्या शरणपूर भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आमच्यासारख्यांचे नाशिकशी असलेले नाते कितीतरी जवळचे आहे. गोदावरीत निर्माल्य कोण टाकते यावर आम्ही तावातावाने बोलतो, पण आपल्या घरचे सांडपाणी कोठे जाते हे सहसा विचारत नाही.

मराठी कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तरी मराठी भाषा आणि अभंगाची परंपरा सोडली नाही. त्यांच्या देशप्रेमाला वेगळा दाखला लागला नाही. मात्र देशावर प्रेम करणारा देशाच्या चुकीलाही चूक म्हणतो, आणि संदेष्टे नेमके तेच करीत, हा भाग या चर्चेत अजून कोणी मांडलेला नाही.