डोळ्यांचं पारणं फिटलं, पण गोष्ट? तुमचे साय-फाय अनुभव सांगा

मंडळी, फेब्रुवारी २०२५ मध्ये 'इंटरस्टेलर' परत आयमॅक्सला लागला तेव्हा भाच्याने कशीबशी दोन तिकिटं मिळवली आणि आम्ही मावशी-भाचे कोथरूडहून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बघून आलो. बाहेर पडताना लिफ्टमध्ये अनोळखी माणसं एकमेकांशी वाद घालत होती, अर्धे म्हणत होते कसला अफाट पिक्चर आहे आणि अर्धे म्हणत होते ते सगळं खरं पण शेवटी त्या पुस्तकांच्या कपाटामागे नक्की काय झालं ते सांगा आधी. २०१४ ला पहिल्यांदा लागला तेव्हाही हाच वाद होता. म्हणून हा धागा.

डोळे दिपले की आपण गोष्टीला सवलत देतो का? द्यावी का? असा कुठला पिक्चर, जो बघताना आ वासला पण घरी पोचेपर्यंत सगळं पुसलं गेलं, किंवा उलट, जो चित्रासकट गोष्ट घेऊन मनात बसला? नुसतं भारी किंवा बकवास लिहू नका, कुठल्या क्षणी गोष्टीने पकडलं किंवा सोडलं ते लिहा. पिक्चर जुने आहेत, शेवट फोडला तरी चालेल.

माझं सांगते. त्या पाण्याच्या ग्रहावरची डोंगराएवढी लाट सगळ्यांना आठवते, मलाही आठवते. पण मी रडले ते त्यानंतर, जेव्हा तो मुलांना पृथ्वीवर सोडून आलेला अंतराळवीर बाप यानात परत येतो आणि २३ वर्षांचे साठलेले मेसेज बघत बसतो. तिथे एक माणूस आणि एक स्क्रीन, बाकी काही नाही. मुलगा मोठा होतो, त्याचं लग्न होतं, मूल होतं, आणि बाप तोच, तसाच. त्या ग्रहावरच्या एका तासात पृथ्वीवर सात वर्षं जातात, लाटेमुळे तिथे अडकला नसता तर हे मेसेजही नसते, म्हणजे त्या लाटेने त्याच्याकडून मुलांची सगळी वर्षं काढून घेतली. मला हेच हवं असतं. डोळ्यांना जे एवढं दाखवलं त्याची किंमत पिक्चरमधलं कोणीतरी मोजतंय, हे मला दिसलं पाहिजे.

निवृत्त फिजिक्स

ताई, छान विषय. मी अनेक वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं, त्यामुळे माझा अनुभव थोडा त्या अंगाने. तो ग्रह एका प्रचंड वेगाने फिरणाऱ्या कृष्णविवराच्या अगदी जवळ आहे, आणि गुरुत्वाकर्षण जितकं तीव्र तितका तिथला काळ लांबच्या माणसाच्या घड्याळाच्या तुलनेत हळू, हे आइनस्टाइनच्या सिद्धांतातून सरळ निघतं. तिथला १ तास म्हणजे पृथ्वीवरची ७ वर्षं हे प्रमाण टोकाचं आहे, पण मनाचं नाही, भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांनी गणित करून बसवलेलं आहे. थॉर्न यांना पुढे २०१७ मध्ये गुरुत्वीय लहरींसाठी नोबेल मिळालं. कृष्णविवराचं चित्रही त्यांच्याच समीकरणांवरून इफेक्ट्सवाल्यांनी काढलं आणि त्यावर २०१५ मध्ये शोधनिबंध निघाला. कृष्णविवराच्या वरून आणि खालून जी प्रकाशाची कमान दिसते ती विवराभोवती फिरणाऱ्या तप्त वायूच्या तबकडीचा मागचा प्रकाश वाकून आपल्यापर्यंत येतो म्हणून.

आता मुद्दा. फिरणाऱ्या तबकडीची जी बाजू आपल्याकडे येते ती जास्त तेजस्वी आणि जी लांब जाते ती मंद दिसायला हवी. पिक्चरमध्ये दोन्ही बाजू सारख्या आहेत, कारण प्रेक्षक गोंधळतील म्हणून तो परिणाम मुद्दाम काढून टाकला, हे त्या निबंधातच लिहिलंय. एप्रिल २०१९ मध्ये एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराची खरी प्रतिमा आली, त्यात कडं एका बाजूला स्पष्ट जास्त उजळ होतं. मला ही तडजोड अजिबात खटकली नाही. चित्र सोपं केलं, हरकत नाही. मला खटकला तो गोष्टीतला बदल. आधी दोन तास नियम इतक्या कडकपणे पाळलेत की इंधन, काळ, अंतर सगळ्याचा हिशोब आपणच करायला लागतो, आणि नायक आत पडल्यावर एकदम कुठलाच हिशोब राहत नाही, जे हवं ते होतं. विवराच्या आत काय असतं हे कोणालाच माहीत नाही हे मान्य, पण गोष्टीतल्या माणसाला तिथे काही अवघड निवड करायला लावली असती तर मी ते आनंदाने मानलं असतं. तरी पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत दुसऱ्या शनिवारी शाळेच्या मुलांसाठी व्याख्यानं असतात, तिथे मी नातवाला घेऊन जायचो, आणि पिक्चर बघून आल्यावर त्याने मला काळाबद्दल जे प्रश्न विचारले ते तोवर कधी विचारले नव्हते. हे श्रेय त्या चित्रांचंच.

रोटो पेंट

सर मस्त लिहिलंत. मी पुण्यातच व्हीएफएक्समध्ये, म्हणजे पिक्चरच्या स्पेशल इफेक्ट्समध्ये आहे, आधी रोटो, मग पेंट (फ्रेममधलं नको ते पुसणं), आता कॉम्प (सगळे तुकडे एका फ्रेममध्ये जोडणं). बाहेरच्यांना कल्पना नसते म्हणून सांगतो, रोटो म्हणजे हिरोच्या कडेकडेने, केस न् केस, कान, बोटं असं प्रत्येक फ्रेमला कापून काढायचं, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे ५ सेकंदांचा शॉट झाला १२० फ्रेम, आणि तो शॉट तुम्ही पापणी लवायच्या आत विसरता. त्याचं वाईट वाटत नाही, काम आहे ते. वाईट कशाचं वाटतं तर पटकथा ठरलेली नसताना शूटिंग केलेलं असतं आणि मग पोस्टमध्ये बघू म्हणून सगळं आमच्याकडे येतं. एका प्रोजेक्टवर आम्ही शहर उद्ध्वस्त होण्याचा एक सीक्वेन्स महिनोन्महिने केला, क्लायंटचा फीडबॅक दर वेळी एकच, अजून धूर, अजून मलबा, अजून मोठं. कोणी एकदाही म्हणालं नाही की या शहरात त्या मुलीची आई आहे तर कॅमेरा तिच्याकडे जाऊ दे. शेवटी अर्धे शॉट ओमिट झाले, म्हणजे पिक्चरमधून काढूनच टाकले. थिएटरात बघताना मला कळत होतं की इथे गोष्ट नव्हती म्हणून आमचा धूर वाढवलाय.

याच्या उलट 'ग्रॅव्हिटी', २०१३. सुरुवातीचा शॉट दहा मिनिटांहून लांब, कट दिसतच नाही. चेहऱ्यावर पृथ्वीचा उजेड बरोबर फिरावा म्हणून त्यांनी आतून एलईडी लावलेली एक खोलीच बनवली, हिरॉइनला आत धरून ठेवायचे आणि उजेड तिच्याभोवती फिरवायचे. एवढा सगळा खटाटोप आणि गोष्ट एका ओळीची, मुलगी गमावलेल्या बाईला जगायचंय की नाही. पण प्रत्येक शॉट तोच प्रश्न विचारतो. दोरी तुटते, हात सुटतो, परत कशाला तरी धरायचं. मी तो पिक्चर कामातला माणूस म्हणून बघायला गेलो होतो, रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरने बनवलेलं चित्र, कुठे फाटतंय ते शोधायला, आणि थोड्या वेळाने शोधायचं राहूनच गेलं.

औंधची आजी

बाळांनो, मला एवढं तांत्रिक कळत नाही पण लिहिते. 'अवतार' आला २००९ च्या डिसेंबरात तेव्हा सुनेने मला नेलं, थ्रीडी चष्मा माझ्या चष्म्यावर बसवून. त्या जंगलात रात्री पाऊल टाकलं की जमीन उजळते, ते बघून मी खरंच हात पुढे केला होता. घरी आल्यावर मुलगा म्हणाला आई, गोष्ट अगदी नेहमीची आहे, बाहेरून आलेला माणूस तिथल्यांचाच होतो. अरे पण मी म्हटलं, नेहमीची असली म्हणून काय झालं? तिथले लोक राहतात ते मोठं झाड बाहेरचे येऊन पाडतात तेव्हा मला आमच्या धरणाखाली गेलेल्या गावाची आठवण आली, मी तर माहेर पाण्यात गेलेलं पाहिलंय. त्या आधीचा तासभर त्यांनी मला त्या झाडावर राहायला लावलं होतं ना, पायवाटा, झोपायचे झोके, सगळं दाखवून. म्हणून ते पडलं तेव्हा माझं काहीतरी पडलं. २०२२ चा दुसरा भागही बघितला, पाणी फार सुंदर, पण यात मुलांना परत परत पकडून नेतात आणि सोडवून आणतात, त्यात जीव गुंतला नाही माझा. म्हणजे साधी गोष्ट मला चालते, पण तीच तीच फिरवलेली नाही चालत.

नाइट शो

आजी, झाडाबद्दल शंभर टक्के.

माझी तक्रार 'प्रोमिथियस', २०१२. सुरुवात आइसलंडच्या धबधब्यावर, काय ती भव्यता, अंगावर काटा. पुढे? एवढ्या कोट्यवधी मैलांवर निवडून आणलेले शास्त्रज्ञ आणि हवा बरी दिसतेय म्हणून हेल्मेट काढतात, जीवशास्त्रज्ञ फणा काढलेल्या अनोळखी प्राण्याला लाडाने हात लावायला जातो, आपल्याकडचं शेतावरचं पोरही असं करणार नाही. तो काळा द्रव एकाला विरघळवतो, दुसऱ्याला राक्षस करतो, तिसरीच्या पोटात भलतंच वाढतं, नियम काय ते शेवटपर्यंत कळत नाही. मला खरंच वाईट वाटलं कारण प्रश्न केवढा मोठा घेतला होता, आपल्याला कोणी बनवलं. एवढा मोठा प्रश्न विचारल्यावर माणसं तरी शहाणी दाखवा. फक्त तो यंत्रमानव डेव्हिड, एकटा यानात हिंडतो, जुना पिक्चर बघून केस रंगवतो, ज्यांनी आपल्याला बनवलं ते किती सामान्य आहेत हे त्याला दिसतं, तिथे गोष्ट होती. त्याच्यावरच पूर्ण पिक्चर केला असता तर मी आयुष्यभर नाव घेतलं असतं.

पेठेतला वाचक

एक वेगळी बाजू. आपण मराठी वाचक विज्ञानकथेवर चित्रांशिवाय वाढलोय. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत कोणा नारायण विनायक जगताप यांच्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि ते निघाले जयंत नारळीकर, कथेचं नावच 'कृष्णविवर'. पुढे १९८८ मध्ये ते पुण्यात आले, आयुका उभी केली, आणि २० मे २०२५ ला गेले ते इथेच. दिवाळी अंकात त्यांची कथा यायची तेव्हा अंक घरात आधी कोणी वाचायचा यावर भांडणं व्हायची, आणि आत चित्र असलंच तर एखादं रेखाटन. पण पद्धत पक्की, विज्ञानातली एक शक्यता घ्यायची, ती खरी धरायची आणि मग आपल्यासारख्या माणसांचं काय होतं ते शेवटपर्यंत न्यायचं. त्यामुळे माझ्यासारख्याला पिक्चरमध्ये नुसती शक्यता दाखवून पुढचं सोडून दिलं की चुकल्यासारखं होतं.

म्हणून मला 'अरायव्हल' २०१६ फार जवळचा. परग्रहवासी शाईची गोल वलयं काढतात, धुक्यात तरंगणारी, बघत राहावं अशी. वलयाला सुरुवात नाही, शेवट नाही, आणि ती भाषा समजून घ्यायला आलेल्या बाईची आणि तिच्या मुलीची गोष्ट पण तशीच उलगडते, जे आधी झालंय असं आपण धरून चाललो होतो ते पुढे व्हायचंय. पुढचं सगळं दुःख माहीत असून ती त्या मुलीला हो म्हणते. तिथे चित्र वेगळं आणि गोष्ट वेगळी काढताच येत नाही. टेड चियांग यांच्या कथेवर आहे, कथाही वाचा.

सिंहगड रोड

मी फोटो काढतो म्हणून 'ब्लेड रनर २०४९'. कॅमेरामन रॉजर डीकिन्सना यासाठी ऑस्कर मिळालं ते सगळ्यांना माहितीये. २०१७, थिएटर निम्मं रिकामं, मध्यंतरानंतर अजून काही लोक गेले, आणि १६३ मिनिटं आहेत म्हणून मी त्यांना दोषही देत नाही. तो नारिंगी धुरकट लास व्हेगस, २००९ मध्ये सिडनीत धुळीचं वादळ आलं होतं त्यावरून घेतलेला. पण मला सांगायचंय ते असं की सगळे हिरो शेवटी खास निघतात, इथे हिरोला वाटत असतं आपण खास आहोत, आपल्या आठवणी खऱ्या आहेत, आणि मग कळतं की नाही, तू तो नाहीस. आणि तरीही तो दुसऱ्याच्या मुलीसाठी जीव टाकतो. एवढ्या अवाढव्य फ्रेममध्ये तो सतत इतका छोटा का दिसत होता ते तेव्हा कळलं. मी त्या वेळी नोकरीतून काढला गेलो होतो, मला तो पिक्चर फार खोल लागला. हळू आहे, पण रिकामा नाही.

धागाकर्ती

काय एकेक लिहिताय! आजी, तुमच्या गावाचं वाचून थांबले मी. दादा, 'हळू आहे, पण रिकामा नाही' हे अगदी पटलं. अजून येऊ द्या, कोणी 'कल्की' किंवा 'ड्यून'बद्दल लिहा ना.

हडपसर

लिहितो, ताई. 'ड्यून' २०२१, पडद्यावर नाव आलं आणि खाली भाग एक. सहा ऑस्कर, वाळूचा आवाज खुर्चीतून जाणवत होता, पण गोष्ट मध्येच उभी करून आम्हाला घरी पाठवलं आणि पुढचं २०२४ मध्ये. 'कल्की' पण तेच, २०२४, काशी बघून थक्क झालो, अश्वत्थामा उभा राहिल्यावर शिट्ट्या, आणि खरी लढत सुरू होतेय असं वाटेपर्यंत पुढच्या भागात. मी बायको-पोरांना घेऊन जातो, तिकिटं, पॉपकॉर्न, पार्किंग धरून खर्च होतो, मला त्या संध्याकाळी काहीतरी पुरं झालेलं हवं. मोठी कादंबरी आहे, दोन भाग लागतात, मान्य, पण पहिल्या भागाचा पण स्वतःचा एक शेवट करता येतो. 'ड्यून'मध्ये निदान तो मुलगा पहिल्यांदा माणूस मारतो तिथे थांबवलंय, त्याला काहीतरी अर्थ आहे. 'कल्की'त तेवढंही नाही मिळालं.

भोसरी एमआयडीसी

मी मशीनवरचा माणूस, मला 'इंटरस्टेलर'मधला डॉकिंगचा सीन सांगायचाय, कोणीच लिहिला नाही म्हणून. स्टेशन मिनिटाला ६७-६८ फेरे घेत फिरतंय आणि हिरोला आपलं यान त्याला जोडायचंय. आमच्याकडे कुठलीही दोन फिरणारी तोंडं जोडायची तर आधी वेग जुळवावा लागतो आणि सेंटरला सेंटर यावं लागतं, नाहीतर दात उडतात. तो नेमकं तेच करतो, आधी आपलं यान फिरवून वेग जुळवतो, मग अलाइनमेंट, मग पुढे. आणि त्या आधीच आपण पाहिलेलं असतं की दुसऱ्याने घाईत, लॉक नीट न बसता दार उघडलं आणि सगळं फुटलं. म्हणजे चूक केली तर काय होतं ते मला आधी दाखवलं, मग तेच काम त्याहून वाईट परिस्थितीत करायला लावलं. माझे हात खुर्चीच्या दांड्यावर आवळले गेले होते. स्पेशल इफेक्ट होते हे खरं, ऑर्गनचं संगीत पण कानात घुमत होतं, पण माझी छाती धडधडली ती मला ते काम कळत होतं म्हणून. शेवटचं कपाट-बिपाट सरांसारखं मलाही नाही पटलं. बायकोला मात्र तेच आवडलं, तिचे वडील मर्चंट नेव्हीत होते, वर्ष-वर्ष घरी नसायचे, ती म्हणते, बाप भिंतीपलीकडून हाका मारतोय आणि मुलीला ऐकू येत नाही, यात न कळण्यासारखं काय आहे तुला. तिला लिहायला सांगतो, रविवारी लिहील.