अमेरिकेला जाताना भाजणी-मेतकूट जवळच्या बॅगेत चालतं का?

सई_पुणे:
आई पुढच्या महिन्यात मुंबईहून नेवार्कला चालली आहे, फ्रँकफर्टला विमान बदलून, आणि एकटीच. ताईचं बाळंतपण आहे, त्यामुळे डिंकाचे लाडू, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, कैरीचं लोणचं न्यायचंच असं तिने ठरवलंय. मोठी बॅग हरवली तर काय, म्हणून भाजणी तिला हातातल्या बॅगेत हवी आहे. मावशी म्हणते, पूर्वी आम्ही सगळं असंच न्यायचो. आता काय काय काढून घेतात?

शरयू_डोंबिवली:
सई, मावशी खरं सांगतेय, पण ते दिवस गेले. ११ सप्टेंबर २००१ च्या आधी अमेरिकेत चार इंचांहून लहान पात्याचा चाकू घेऊनसुद्धा विमानात बसता यायचं. मग एकेक कट उघडकीला आला आणि एकेक वस्तू बाद होत गेली. डिसेंबर २००१ मध्ये एकाने बुटात स्फोटकं लपवली, त्यापायी पुढे सगळ्यांना बूट काढावे लागले. अमेरिकेने ती सक्ती जुलै २०२५ मध्ये उठवली. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून निघणारी विमानं शीतपेयांच्या बाटल्यांतल्या द्रव स्फोटकांनी उडवायचा कट पकडला गेला, तिथून १०० मिलीचा नियम आला. लोणचं, तूप, मध हे सगळं त्यांच्या लेखी द्रवच. शिवाय ते बाटलीचं माप बघतात. २५० मिलीच्या बरणीत तळाशी दोन चमचे लोणचं उरलं असलं, तरी बरणी जाते.

आता भाजणी. ३० जून २०१८ पासून अमेरिकेला जाणाऱ्या विमानात ३५० मिलीपेक्षा जास्त, म्हणजे साधारण दोन वाट्यांच्या वर, कुठलीही पूड हातातल्या सामानात असली की ती वेगळी काढून तपासतात. खात्री पटली नाही तर नेऊ देत नाहीत. आईच्या बाबतीत ही वेळ फ्रँकफर्टला येईल. घरच्या डब्यातलं बिनलेबलचं तपकिरी पीठ तिथल्या माणसाला ती एकटी कसं समजावणार? लेकीसाठी खपून भाजलेली भाजणी अशी टाकून द्यावी लागू नये असं मला मनापासून वाटतं. भाजणी, मेतकूट, लोणचं मोठ्या बॅगेतच घाला, दुहेरी पिशवीत, वर नाव लिहून. लाडू घट्ट असतात, ते हातात चालतील. अमेरिकेत उतरल्यावर कस्टमच्या लोकांना मात्र खाण्याचे पदार्थ आहेत हे आपणहून सांगायचं.

मेलबर्नकर:
आमच्याकडे पुडीचा नियम आहे, पण खाण्याच्या पुडीला मर्यादा नाही. त्यामुळे इकडच्या नातेवाइकांचं ऐकून अमेरिकेची बॅग भरू नका. ब्रिटनमध्येही एडिनबरा आणि बर्मिंगहॅमला नवे स्कॅनर आल्यावर जुलै २०२५ पासून दोन लिटरपर्यंतच्या बाटल्या चालतात. पण परतीचा विमानतळ जुन्या नियमाचा असला तर तीच बाटली तिथे अडते.

सई_पुणे:
शरयूताई, खूप आभार. औषधं आणि पॉवरबँक?

शरयू_डोंबिवली:
औषधं सगळी हातात, मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. इन्सुलिन किंवा पातळ औषधाला १०० मिलीची अट नाही, फक्त तपासणीत आधी सांगायचं. पॉवरबँक मोठ्या बॅगेत अजिबात नको, ती हातातच. मर्यादा १०० वॉट-तासांची. २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते. छापलेला आकडा पुसला गेला असेल तर नवी घ्या.

आणि आईला सोडून लगेच निघू नका. मुंबईला रांगेत माझ्या पुढे एक आजोबा होते. त्यांच्या चंचीतून अडकित्ता निघाला, पितळी, मोराचा, मुठी वापरून गुळगुळीत झालेल्या. जवानाने तो हातात घेऊन पाहिला आणि विचारलं, घरचं कोणी बाहेर आहे का? नातू तोवर निघून गेला होता. ती सिक्युरिटीच्या पलीकडे पोचल्याचा फोन येईपर्यंत बाहेर थांबा.