मदत हवी आहे: मशीनच्या मेन स्विचला कुलूप लावूनही हात चेंगरला

फाउंड्री_शिरोली: मेंटेनन्सला मेन बंद, कुलूप लावलेलं, तरी हेल्परची दोन बोटं चेंगरली. तो दवाखान्यात आहे. मोटर फिरलेली नाही, शंभर टक्के. उद्या पहिल्या पाळीला मशीन चालू करा म्हणतायत. कारण कळल्याशिवाय मी कुणाला आत घालणार नाही. लवकर सांगा.

जुना_फिटर: कुठलं मशीन, साहेब? कशात सापडला हात?

फाउंड्री_शिरोली: सँड मिक्सर, साच्याची वाळू कालवायचं मशीन. खालच्या दाराच्या कडेची वाळू खरडत होता, उघडं दार अचानक बसलं.

सेफ्टी_फर्स्ट: चारही बाजूंना इमर्जन्सी स्टॉप बसवा.

जुना_फिटर: दार हवेवर चालतं ना? सिलिंडर केवढा? हवा बंद केली होती का?

फाउंड्री_शिरोली: १०० मिमी बोअर (आतला व्यास), ६ किलो प्रेशर. हवा चालूच होती. करंट नसताना काय होणार?

पॅनेलवाला: व्हॉल्व्ह-बटणांचा कंट्रोल सप्लाय कुठून येतो? दार बसलं तेव्हा कुणी काय बंद केलं?

फाउंड्री_शिरोली: कंट्रोलची एमसीबी (छोटा ब्रेकर) शेजारच्या पॅनेलात आहे. मेननंतर दहा मिनिटांनी इलेक्ट्रिशियननं तीही पाडली. हो, तेव्हाच.

पॅनेलवाला: मग झालं. सिलिंडरला हवा देणारा व्हॉल्व्ह एका कॉइलचा, स्प्रिंगवाला असणार. मेन बंद केली तरी कॉइल दुसऱ्या पॅनेलवर जिवंत होती. एमसीबी पाडली, कॉइल सुटली, स्प्रिंगनं स्पूल (व्हॉल्व्हमधला सरकता दांडा) परत आणला, दार बंद. १०० बोअरला ६ किलोवर साधारण ४७० किलोचा जोर बसतो. इमर्जन्सी स्टॉपही कंट्रोलच तोडतो. तो दाबला असता तरी हेच झालं असतं.

ऑटोमेशन_कागल: दोन कॉइलचा व्हॉल्व्ह टाका, आहे त्या जागी थांबतो.

जुना_फिटर: आणि कुणी व्हॉल्व्हवरचं मॅन्युअल बटण दाबलं तर? ते नको. एफआरएलच्या (हवेचा फिल्टर-रेग्युलेटर-ल्युब्रिकेटर) आधी कुलूप लागणारा ३/२ एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लावा, तो मागची हवा अडवून पुढची बाहेर सोडतो. साधा बॉल व्हॉल्व्ह मागची हवा अडवतो, सिलिंडरातली तशीच राहते. पण हवा सोडली की दार स्वतःच्या वजनानं हलू शकतं, म्हणून आधी दार अडवायला पिन.

वाळू_लॅब: मुळात वाळू एवढी चिकटते का? परतीची वाळू गरम येत असेल, ओल तपासा.

जुना_फिटर: ते नंतर हो, आत्ता बोटांचं चाललंय.

पगार_विभाग: ईएसआयचा (कामगार विमा) अपघात अहवाल मालकानं भरला का? कामावरची दुखापत म्हणून नोंद झाली तर पगाराचे ९० टक्के मिळतात, नुसतं आजारपण दाखवलं तर ७०. त्या पोराचं नुकसान करू नका.

फाउंड्री_शिरोली: आजच भरायला लावतो. पिन १६ मिमीची चालेल?

जुना_फिटर: चालेल, पण पिनेला दोन्ही बाजूंनी कान (भोकाच्या पट्ट्या) हवेत, एकाच कानात ती वाकते. साखळीनं मशीनलाच बांधा, नाहीतर चार दिवसांत हरवेल. पिन घाला, हवा सोडून कुलूप लावा, गेज शून्यावर आलेलं बघा, मग मॅन्युअल बटण दाबून-सोडून बघा. दार हललं नाही तरच हात घाला. कुलूप आत जाणाऱ्याचं, किल्ली त्याच्याच खिशात.

फाउंड्री_शिरोली: उद्या पहिली पाळी चालू करत नाही. कान वेल्ड झाल्यावर इथं फोटो टाकतो.